सात कुंड्यांतला कणगर

२५ मे, रविवार

काल कोकणातून परत आले. दीड दिवस रेल्वे, आणि उतरल्यावर ग्वाल्हेरचं पंचेचाळीस डिग्रीचं स्वागत. राजलक्ष्मी वहिनींच्या लेकीचं लग्न छान झालं. वहिनी म्हणजे माझ्या मावसभावाची बायको. बोलायला गोड, पण पाहुण्यांना फणस कापायला बसवणारी.

खरी गोष्ट लग्नाची नाही. निघायच्या दिवशी सकाळी त्यांच्या परसात फिरत होते. उकिरड्यावर कंद पडलेले दिसले. गड्याने कुंपण साफ करून फेकले असावेत. बोटाएवढे जाड, तपकिरी, मधोमध वाकलेले. पाहताक्षणी ओळखले: कणगर! आधी कधी पाहिला नव्हता, पण आदल्याच दिवशी जेवताना वहिनी सांगत होत्या की कणगर कुंपणाशी लावतात, वेल वर चढते, कंद उकडून खातात. इथे कुंपण होतं, वाळक्या वेली होत्या, कंद होते. आणखी काय पाहिजे? इतकी चांगली वस्तू उकिरड्यावर! कोकणातल्या माणसांना कशाची किंमत म्हणून नाही.

विचारलं नाही. चौदा कंद परकरात गुंडाळून सुटकेसच्या तळाशी घातले. घरी उघडल्यावर श्रुती म्हणाली, "आई, तू चोरी करके लाई है?" एकवीस वर्षांची झाली, पण मराठीत सुरू केलेलं वाक्य मराठीत संपवेल तर शपथ.

चोरी नव्हे, योजना आहे. ऋषिपंचमीला आमच्या माधवगंजच्या महिला मंडळात सामुदायिक जेवण असतं. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, सगळं हाताने लावलेलं, हाताने उपटलेलं. तेवीस वर्षं मी त्या जेवणाला माठाची जुडी नेते आहे आणि तेवीस वर्षं मंडळातल्या सगळ्यांत जाणत्या उषाताई ती बघून "बरं, ठेव तिकडे" म्हणतात. यंदा तिथल्या ऋषीच्या भाजीत अस्सल कोकणातला कणगर पडेल, आणि तो या सीमंतिनीने आणलेला असेल. बस. आयुष्यात फार मोठ्या इच्छा मी ठेवलेल्या नाहीत.

८ जून, रविवार

मंडळाची सभा. कंद ताटात मांडून नेले.

उषाताई एकोणऐंशी वर्षांच्या. त्यांचे पूर्वज लष्कराबरोबर दक्षिणेतून आले, आणि तेव्हापासून दख्खनच्या सगळ्या किल्ल्या त्यांच्या कनवटीला आहेत. चकलीचे काटे किती, मंगळागौरीचा कोणता खेळ आधी, सगळं त्या ठरवतात. त्यांनी कंद उचलला, हुंगला, नखाने खरवडला.

"हाच तो," त्या म्हणाल्या. "कणगर. माझ्या आजोळी परसात असायचा."

मग काय विचारता! शालिनीताईंच्या आजीच्या हातची कणगराची भाजी सगळ्या पेठेत प्रसिद्ध होती असं निघालं. अध्यक्षीण कुसुमताईंच्या घरी तर म्हणे तो बाळंतिणीला द्यायचे. "आम्ही लहानपणी कच्चासुद्धा खायचो," कुणीतरी मागून म्हणालं. मला जरा नवल वाटलं. दोनशे वर्षं ग्वाल्हेरात राहिलेल्या घरांत कणगर यायचा कुठून? पण मग मला चव विचारली, आणि मी म्हणून गेले, "भाजलेल्या शिंगाड्यासारखी, पण मागे वेलदोड्याचा वास." सगळ्यांनी माना डोलावल्या. अगदी तशीच.

माझ्यासकट सात घरांत दोन-दोन कंद वाटले. आपापल्या कुंडीत लावायचे, पंचमीच्या आदल्या दिवशी उपटून मंडळात आणायचे. उषाताई जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "शाब्बास हो."

घरी येईपर्यंत टेम्पोत मी एकटीच हसत होते. शेजारच्या बाईने पिशवी आवळून धरली.

२० जुलै, रविवार

यंदा पाऊस असा की छतावर पाय ठेववत नाही. वेल मात्र माझ्या खांद्यापर्यंत आली. हिची एक गंमत आहे. काकडी, दोडक्याला चढायला वेगळे तंतू फुटतात. हिच्या पानांचंच टोक लांब होत जातं आणि वळून दोरीला विळखा घालतं. पानानेच धरून चढणारी वेल मी प्रथमच पाहिली. तासभर बघत बसले.

कुसुमताईंचा रोज फोन. "तुझी किती झाली? माझी पाच फूट." काल म्हणे सहा. यांच्या घरी फूटपट्टीलाही खत घालतात की काय.

श्रुतीने विचारलं, "आई, पण इसको कोई कीडा क्यों नहीं खाता? जास्वंद पूरा चाट गए." मी म्हणाले, चांगल्या वंशाची आहे.

१० ऑगस्ट, रविवार

फूल आलं!

चार दिवस हिरवी कळी मान खाली घालून होती. आज सकाळी पाहते तर सहा पाकळ्या उलट्या वर वळलेल्या, कडा कुरळ्या, खाली पिवळ्या नि टोकाला लालभडक. चुलीतला जाळ कुणी देठावर बसवावा तसं. मी चहा घेऊन गेले होते, तो तिथेच गार झाला.

एक शंका आली, ती लिहून ठेवते. वहिनी कणगराबद्दल एवढं बोलल्या, पण असलं फूल येतं हे कसं बोलल्या नाहीत? असं फूल येत असतं तर मी आधी तेच सांगितलं असतं.

उषाताईंना फोन केला. त्यांनी आधी रंग कोणता ते विचारून घेतलं, मग, "हो तर. आमच्याकडे यायचंच असं फूल." शंका मिटली. कुसुमताईंकडे चार फुलं आली आहेत आणि त्या उद्या श्रावणी सोमवारी ती महादेवाला वाहणार आहेत.

२४ ऑगस्ट, रविवार

घाईत लिहिते आहे, अक्षराला नावं ठेवू नयेत.

श्रुतीने फुलाचा फोटो स्टेटसला लावला, खाली लिहिलं, 'आईचा कणगर'. दुपारी वहिनींचा फोन.

"अगो, हा कसला कणगर? ही कळलावी! कुंपणावर माजते, दर वर्षी उपटून फेकतो आम्ही. गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत तिला. कणगर बटाट्यासारखा असतो, केसाळ. तुला कुणी दिलं हे?"

मी म्हणाले, "इकडे एका नर्सरीतून आणलं."

बघा. जीव धोक्यात आहे असं ऐकतानाही माझ्या तोंडातून पहिलं खोटंच बाहेर पडलं.

"फुलाला शोभा आहे, असू दे छतावर. पण कंदाला हात लावलास तर साबणाने धू. आमच्या वाडीत एकाने रताळं म्हणून खाल्लन. तिसऱ्या दिवशी गेला."

फोन ठेवला आणि जमिनीवर बसले. सात घरं. चौदा कंद, आणि आता पावसाने प्रत्येकाला नवे फुटले असणार. गुरुवारी पंचमी. चाळीस बायकांचं जेवण, त्यांतल्या निम्म्या साठीच्या वरच्या. आणि भाजी एकाच पातेल्यात.

श्रुती म्हणाली, "अभी फोन कर सबको. ग्रुप पे डाल."

ग्रुपवर काय घालू? 'सप्रेम नमस्कार, मी आपणा सर्वांना उकिरड्यावरचं विष वाटलं आहे'?

कुणी बुधवारच्या आधी उपटणार नाही. वेळ आहे. काहीतरी सुचेल.

२५ ऑगस्ट, सोमवार

सुचलं. घरोघर जाऊन सांगितलं: "यंदा पाऊस जास्त झाला, कंद भरला नाही. कुंड्या माझ्याकडे द्या, पुढच्या वर्षी देते." शरमेने मेले असते, पण चार घरांनी मुकाट्याने दिल्या. शालिनीताई तर म्हणाल्या, "ने बाई, त्या कुंडीने माझी तुळस झाकली." कंद हातमोजे घालून गोणीत भरले. ऑटोवाल्याने विचारलं, "दीदी, नर्सरी खोली है का?"

राहिल्या दोघी. उषाताईंनी आपली कुंडी कुसुमताईंकडे पाठवून दिली होती. म्हणजे राहिल्या एकट्या कुसुमताई.

"भरला नाही?" कुसुमताई दारातच म्हणाल्या. "तुझा भरला नसेल. आमचा बघ." आणि खाली वर्तमानपत्रावर मांडलेले कंद दाखवले. उपटलेले. धुतलेले. गोरेपान, जाडजूड, वाकडे. "पहिल्या वर्षी सगळ्यांचे झाले नि तुझे नाही, म्हणून आता कुणाचेच नकोत, असंच ना?"

मी म्हणाले, "कुसुमताई, खाऊ नका तो."

"का?"

हीच ती वेळ होती. बाहेर रघुनाथराव, त्यांचे यजमान, झोपाळ्यावर बसून गणपतीच्या मखराला कागद चिकटवत होते. त्यांनी हसून विचारलं, "काय सीमंतिनीबाई, आमच्या हिला घाबरवताय?" आणि मी म्हणाले, "कच्चट असेल, घशाला खाजेल."

खाजेल. एवढंच बोलून मी घरी आले.

२६ ऑगस्ट, मंगळवार. हरितालिका

उपास. पाणीसुद्धा उतरत नाही, तेव्हा उपास आपोआप घडला.

दिवसभर हिशेब करते आहे की खरं सांगितलं तर काय होईल. कंद चोरला, हे निघेल. चव बनवून सांगितली, हे निघेल. तेवीस वर्षांनी मिळालेलं एक 'शाब्बास' जाईल. याच्या दुसऱ्या पारड्यात चाळीस बायका. कुणी शहाणी असती तर तिला पारडं धरावंच लागलं नसतं. श्रुतीने माझ्याकडे बघणं सोडलं आहे.

उद्या संध्याकाळी पाच वाजता मंडळात भाजी निवडायला सगळ्या जमणार. तिथे सांगते. सगळ्यांसमोर एकदाच. प्रत्येकीच्या दारात जाऊन सहा वेळा मरण्यापेक्षा ते बरं.

२८ ऑगस्ट, गुरुवार. ऋषिपंचमी, सकाळ

काल जे झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

पाच वाजता मंडळाच्या सभागृहात गेले. सतरंजीवर अळू, भोपळा, सुरण, चिंच, मक्याची कणसं. मध्ये, पितळी परातीत, कुसुमताईंचे कंद. कुणीतरी वर कळलावीचं एक फूलही ठेवलं होतं.

मी उभी राहिले आणि म्हणाले, "हा कणगर नाही. ही कळलावी आहे. विष आहे. कुणी खायचं नाही."

वाटलं होतं किंचाळतील, रडतील, मला मारतील. तसं काही झालं नाही. शालिनीताईंनी अळूचं पान निवडत म्हटलं, "चिंच घातली की जातं विष."

"जात नाही! माणूस मेला आहे तिकडे!"

"तिकडचा माणूस नाजूक असेल. आमच्या आजीच्या हातचा सगळी पेठ खायची. कोण मेलं?"

"आम्ही कच्चा खायचो," मागून तोच आवाज.

मी सगळी तयारी स्वतःची चूक कबूल करायची केली होती. यांनाही काही कबूल करावं लागेल, हे डोक्यातच आलं नव्हतं. मी खोटी ठरले तर या सगळ्यांच्या आज्या खोट्या ठरत होत्या, परसं खोटी, आजोळं खोटी. विष परवडलं, ते नाही परवडत.

"मी उकिरड्यावरून उचलले," मी ओरडले. "न विचारता. चव मी रचून सांगितली. शिंगाडा नाही, वेलदोडा नाही. मी कणगर जन्मात खाल्लेला नाही. तुमच्यापैकी कुणी खाल्लाय? खरं सांगा, कुणी?"

कुसुमताई उठल्या. "सीमंतिनी, सणाच्या दिवशी असं अभद्र बोलू नये. यंदा श्रेय माझ्या कुंडीला जातंय म्हणून तू—"

"मी नाही खाल्ला."

उषाताई. खुर्चीवर बसल्या होत्या, हातात सुरी. खाली बघूनच बोलल्या.

"मी पाहिलाही नाही कधी. माझं आजोळ इथलंच, पाटणकर बाजारातलं. मी कोकण पाहिलं नाही, पुणं पाहिलं नाही. नर्मदा ओलांडलेली नाही मी आयुष्यात." मग कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात: "तुम्ही विचारायच्या, मी हो म्हणायचे. मला वाटायचं, कुणीतरी हो म्हटलं पाहिजे."

शालिनीताईंनी हातातलं पान खाली ठेवलं. मागचा आवाज पुन्हा आला नाही.

आणि मग कुसुमताई मटकन खाली बसल्या.

"ह्यांना दिला," त्या म्हणाल्या. "सकाळी. नैवेद्याच्या वेळी. उद्याच्या भाजीला मीठ किती लागेल ते बघावं म्हणून दोन काप तळून दिले. दुपारपासून ओकताहेत. मी म्हटलं, मोदक जास्त झाले."

त्यानंतरचं तुकड्या-तुकड्यांत आठवतं. श्रुतीने स्कूटी काढली, मी आणि कुसुमताई ऑटोत, मांडीवर पिशवीत एक कंद, डॉक्टरांना दाखवायला. महाराज बाड्यावर गणपतीच्या मिरवणुकीने रस्ता बंद. कुसुमताई ऑटोतून उतरून वाजंत्र्यांवर ओरडल्या, "हटो! मेरा आदमी मर रहा है!" मंडळाची अध्यक्षीण, जिने कधी मोठ्याने शिंकसुद्धा दिली नाही.

त्यांच्या घरी पोचलो तेव्हा रघुनाथराव न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसलेले, चेहरा राखेसारखा. मला बघून म्हणाले, "खाजलं नाही हो घशाला."

हे वाक्य मी लिहिते आहे, कारण कुणाला सांगू शकणार नाही.

दवाखान्यात तरुण डॉक्टरने कंद बघितला, फोनवर कुणाला तरी विचारलं, आणि आम्हाला बाहेर बसवलं. मी वहिनींना फोन करून सगळं खरं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "आधी विचारायचं होतंस गो. मी पिशवी भरून कणगर दिला असता."

आज सकाळपर्यंत ते आहेत. डॉक्टर म्हणाले, दोनच काप, त्यांतला एक उलटीत गेला, म्हणून आशा आहे. तीन दिवस गेले पाहिजेत.

'तिसऱ्या दिवशी गेला' हे वहिनींचं वाक्य मी कुसुमताईंना सांगितलेलं नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

तीन दिवस गेले. रघुनाथरावांनी पेज मागितली.

मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. कुसुमताई शेजारी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "सोमवारी तुला माहीत होतं?"

"हो."

त्या उठून आत गेल्या. मारलं असतं तर बरं झालं असतं.

११ सप्टेंबर, गुरुवार

रघुनाथराव घरी आहेत, पण डोक्यावरचे केस पुंजक्या-पुंजक्याने गळताहेत. डॉक्टर म्हणतात या विषाने असं होतं, परत येतील. त्रेसष्टाव्या वर्षी एवढे दाट केस असलेला माधवगंजातला तो एकमेव पुरुष होता. मी भेटायला गेले. त्यांनी टोपी काढून दाखवली आणि म्हणाले, "तेलाचा खर्च वाचवलात." कुसुमताईंनी चहा दिला. कप माझ्यासमोर ठेवला, बशी दिली नाही. इतकं चालेल.

माझी वेल मी जाळणार होते. श्रुती म्हणाली, "फूल की क्या गलती है?" तिने पाटीवर लाल रंगाने 'कळलावी. विषारी' असं मराठीत लिहून कुंडीला टांगलं. एकही शब्द हिंदी नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

मंडळाची सभा. मला वाटलं होतं बायका मान खाली घालून येतील. मी अजून या मंडळाला ओळखलेलंच नाही.

शालिनीताई म्हणाल्या, "मला पहिल्याच दिवशी संशय आला होता. आमची आजी कळलावी लांबूनच दाखवायची, हात लावू नका म्हणायची."

"आमच्याकडे तर तिचं नावसुद्धा घेत नसत," दुसरी म्हणाली. मागचा आवाजही परतला: "आम्ही लहानपणी तिच्याजवळून पळायचो."

पंचवीस दिवस झाले होते. त्याच आज्या, तीच परसं, फक्त वेल बदलली.

मग नवरात्रीच्या फराळाचा विषय निघाला. एकीने नागपूरहून आलेला कसलासा पाला वाळवून आणला होता. सवयीने तिने ताट उषाताईंपुढे धरलं. "उषाताई, हे काय असेल?"

उषाताईंनी बघितलं. हुंगलं नाही. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

ताट थोडा वेळ हवेतच राहिलं. मग ते कुसुमताईंकडे गेलं, मग शालिनीताईंकडे, आणि तिथे बोलणं पुन्हा सुरू झालं. उषाताईंकडे त्यानंतर कुणी वळलं नाही. चहासुद्धा शेवटी आला.

सभा संपल्यावर मी त्यांना हाताला धरून जिना उतरवला. मधल्या पायरीवर त्या थांबल्या.

"सीमंतिनी, आता मला बोलवायच्या नाहीत ना गं या?"

"असं कसं? तुमच्याशिवाय मंडळ कसलं?" मी म्हणाले.

शपथ घेतली होती की यापुढे खोटं बोलणार नाही. हे मी खोटं बोलले.